एका नापास औषधाची गोष्ट

मागचे दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. "काय रे, संपला का उत्साह?" असं ऑफिसातल्या दोघांनी विचारलं. बरं वाटलं. म्हणजे कुणीतरी वाचतंय तर! :)

कारण घरातलंच होतं. आणि त्या कारणाच्या मागे मागे जात मी अशा एका इतिहासात शिरलो, ज्यात एकही किल्ला नाही, एकही लढाई नाही. आहे ती एक पांढरी, चपटी, दिवसातून तीनदा घ्यायची गोळी. तिचं नाव बॅक्लोफेन. तुमच्या घरात कुणी पॅरालिसिसचं, मणक्याच्या दुखापतीचं किंवा सेरेब्रल पाल्सीचं असेल, तर हे नाव ओळखीचं असेल. नसेल तर देव तुम्हाला ते ओळखीचं न करो.

आधी घरातलं सांगतो. बाबांच्या मानेचे मणके झिजून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला होता. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. दाब गेला, पण तोवर जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हापासून बाबांचे पाय ताठ. रात्री अचानक वांब येतात, गुडघे एकमेकांवर कात्रीसारखे चढतात. वॉकर घेऊन चालतात, पण पाय उचलण्यापेक्षा ओढतात जास्त. डॉक्टरांनी बॅक्लोफेन सुरू केलं. ५ मिलिग्रॅमपासून वाढवत वाढवत २० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. प्रिस्क्रिप्शन समजावताना कुणीतरी म्हटलं होतं, "ही मसल रिलॅक्संट आहे." माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. मसल रिलॅक्संट. म्हणजे कंबर धरली की आपण घेतो तसलंच काहीतरी.

त्या शुक्रवारी आईचा फोन आला, "अरे, बाबांच्या गोळ्या संपल्यात, येताना आण." रिलीज होतं. घरी पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. शनिवारी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेलो, तर त्याच्याकडे नव्हत्या. "सोमवारी मागवून ठेवतो," म्हणाला. आणखी चार दुकानं फिरलो असतो तर मिळाल्या असत्या. पण मी मनात हिशोब केला: मसल रिलॅक्संट तर आहे, दोन दिवस पाय थोडे जास्त ताठ राहतील, एवढंच ना?

एवढंच नव्हतं. रविवारी पहाटे चारला आईने हाक मारली. बाबा घामाने निथळत होते. दोन्ही पाय लाकडासारखे, अंगाला थरथर, ताप. आणि ते कपाटाकडे बघून कुणालातरी सांगत होते, "सतराचा पाना दे रे, हा नाही, सतराचा." बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. कपाटाजवळ कुणी नव्हतं.

कॅज्युअल्टीमधल्या डॉक्टर माझ्यापेक्षाही लहान वाटत होत्या. औषधांची यादी वाचता वाचता एका ओळीवर थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "बॅक्लोफेन बंद केलंय का? कधीपासून?" मी म्हटलं, शुक्रवार रात्रीपासून मिळालं नाही. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते अजून आठवतं. मग शांतपणे म्हणाल्या, "हे औषध असं एकदम थांबवायचं नसतं. फिट्स येऊ शकतात." गोळी पुन्हा सुरू झाली, दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं, आणि मंगळवारी बाबा घरी आले. सगळं ठीक झालं. पण ठीक झालं ते आमच्या नशिबाने. माझ्या हुशारीने तर बिघडलं होतं.

इंजिनिअर माणूस. चूक झाली की रूट कॉज शोधल्याशिवाय झोप येत नाही. शोधता शोधता लक्षात आलं की माझी चूक त्या एका शब्दात होती: मसल. ही गोळी मसलला हातच लावत नाही! आणि ताठरपणा मुळात मसलमध्ये नसतो, हे कळायलाच वैद्यकशास्त्राला अर्धं-पाऊण शतक लागलं. आज तीच गोष्ट.

सुरुवात करू लंडनपासून. एकोणिसाव्या शतकात तिथे विल्यम जॉन लिटल नावाचे डॉक्टर होते. त्यांचं स्वतःचं एक पाऊल लहानपणापासून वाकडं होतं. इंग्लंडमध्ये कुणी ते दुरुस्त करेना, म्हणून ते जर्मनीत स्ट्रोमायर या सर्जनकडे गेले. १८३६ साली त्यांनी टाचेमागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा तो जाड दोर, छेदून पाऊल सरळ केलं. लिटल ती कला शिकून लंडनला परतले. पुढे त्यांच्याकडे अशी मुलं येऊ लागली, ज्यांचे पाय जन्मापासून ताठ, एकमेकांवर चढलेले. त्यांच्याही शिरा ते छेदत. पण या माणसाचं मोठेपण दुसरीकडे आहे. पायांवर उपचार करता करता त्यांनी मुलांच्या जन्माच्या हकिकती गोळा केल्या आणि १८६१ साली मांडलं की अवघड बाळंतपण, उशिरा आलेला पहिला श्वास आणि हा ताठरपणा यांचा संबंध आहे. म्हणजे दोष पायात नाही, वर आहे. सेरेब्रल पाल्सीच्या या प्रकाराला बरीच वर्षं 'लिटलचा आजार' असंच म्हणत. कारण वर आहे हे कळलं, पण उपाय खालीच करावा लागत होता. वरचं काही हातात नव्हतं.

आता डिबगिंग. हे काम केलं चार्ल्स शेरिंग्टन यांनी, १८९०च्या दशकात. मांजरांच्या मेंदूचा वरचा भाग खालच्या भागापासून तोडला की चारही पाय खांबासारखे ताठ होतात, हे त्यांनी १८९८ साली नोंदवलं. आता विचार करा. वायर तोडल्यावर दिवा विझायला हवा. इथे तोडल्यावर दिवा जास्तच पेटला! याचा अर्थ एकच निघतो: वरून जे काही खाली येत होतं, त्यात 'चालू कर' यापेक्षा 'आवर' हा निरोप मोठा होता.

पण आवर कशाला? शेरिंग्टननी पुढची वायर कापून बघितली. मज्जारज्जूतून प्रत्येक स्नायूशी दोन प्रकारच्या तारा जोडलेल्या असतात. एक हुकूम घेऊन जाणारी, दुसरी खबर घेऊन येणारी. त्यांनी खबर आणणारी तार कापली आणि ताठ पाय सैल पडला. हुकमाची तार शाबूत, स्नायू शाबूत, तरीही सैल! म्हणजे ताठरपणा ही स्नायूची हट्टी सवय नसून एक लूप आहे. स्नायू ताणला गेला की खबर मज्जारज्जूत जाते, तिथून लगेच 'आवळ' असा हुकूम परत येतो. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच लूपमुळे. एरवी मेंदू या लूपचा आवाज कमी करून ठेवतो. ती पकड सुटली की बारीकशा ताणालाही लूप किंचाळून उत्तर देतो. (शेरिंग्टनना १९३२ साली एड्रियन यांच्यासोबत नोबेल मिळालं.) १९०८च्या सुमारास ब्रेस्लाऊमधल्या ओट्फ्रीड फर्स्टर यांनी हीच युक्ती माणसांवर केली. खबर आणणाऱ्या काही तारा कापल्या आणि ताठ पाय सैल केले. पण कापलेली तार पुन्हा जोडता येत नाही आणि तिच्याबरोबर स्पर्शाचं ज्ञानही जातं. म्हणजे बगसोबत फीचरही डिलीट.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. हॉस्पिटलमधून आल्यावर चार दिवसांनी, संध्याकाळच्या चहाला. माझं लूप, सिग्नल, फीडबॅक वगैरे चालू होतं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे स्प्रिंग ब्रेक."

"काय?"

"अरे, एअर ब्रेकच्या गाडीला पार्किंगचा ब्रेक हवेने लागत नाही. तो स्प्रिंगने लागतो. हवेचं प्रेशर त्या स्प्रिंगला दाबून धरतं, म्हणून चाक फिरतं. लाइन लीक झाली, हवा उतरली, की स्प्रिंग सुटते आणि गाडी जागच्या जागी जाम. नवीन पोरं चाक खोलून बसतात. चाकात काही नसतं. वरून हवा येत नसते."

मी गप्प. तीस-पस्तीस पानं वाचून मला जे कळलं होतं, ते या माणसाने एका घोटात सांगितलं. शेरिंग्टनच्या मांजरापेक्षा हे उदाहरण मला जास्त पटलं, खरं सांगतो. आणि एक गोष्ट लक्षात आली: तीन वर्षांत मी बाबांना त्यांच्या पायांबद्दल हे कधी समजावूनच सांगितलं नव्हतं. गोळ्या मोजून दिल्या, एवढंच.

असो. आता औषधांकडे.

चाक न खोलता, तार न कापता हा लूप शांत करायचा तर रसायन हवं. पहिलं बरं रसायन सापडलं ते भलत्याच शोधात. फ्रँक बर्गर हे मूळचे पिल्सेनचे, नाझींच्या तडाख्यातून निसटून ब्रिटनला आलेले ज्यू डॉक्टर. तेव्हा पेनिसिलिन नवं होतं, आणि ते बनवताना नासवणाऱ्या जिवाणूंना रोखणारं काहीतरी ते शोधत होते. एक रसायन उंदरांना टोचलं तर उंदीर सैल पडले, पण शुद्धीवर! १९४६ साली बर्गर आणि विल्यम ब्रॅडली यांनी हे मेफेनेसिन जगापुढे मांडलं. हे रसायन मज्जारज्जूवर काम करत होतं. आखडलेल्या रुग्णांना देऊन पाहिलं, पण परिणाम फार थोडा वेळ टिके. बर्गर पुढे अमेरिकेला गेले आणि त्यांच्या याच धाग्यातून १९५५ साली मिलटाऊन ही मन शांत करणारी गोळी आली, जिने अमेरिकेला वेड लावलं. म्हणजे हवं होतं संरक्षक रसायन, मिळालं स्नायू सैल करणारं, आणि खपलं चिंता घालवणारं! रिक्वायरमेंट बदलणं हे फक्त आपल्याच क्लायंटचं वैशिष्ट्य नाही बरं का.

बर्गर यांचंच आणखी एक औषध होतं कॅरिसोप्रोडॉल. त्याची मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर चाचणी घेताना ब्रायन अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांपुढे प्रश्न पडला: पाय किती सैल झाला हे मोजायचं कसं? त्यांनी १९६४ साली एक साधी मोजपट्टी केली. पाय हाताने हलवायचा आणि विरोध ० ते ४ मध्ये सांगायचा. ० म्हणजे काहीच नाही, ४ म्हणजे हलतच नाही. १९८७ साली बोहॅनन आणि स्मिथ यांनी १ आणि २ च्या मध्ये '१+' घातलं (बघा, तिकडेही पॅच रिलीज असतात). औषध राहिलं बाजूला, मोजपट्टी अमर झाली. आजही बाबांच्या फिजिओथेरपिस्ट दर वेळी कागदावर तोच आकडा लिहितात.

१९६३ साली रोश कंपनीचं व्हॅलियम आलं. आखडणं कमी होई, पण माणूस पेंगायला लागे. पाय मोकळे करायचे आणि डोकं झोपवायचं, हा काही सौदा नव्हे.

आता आपली नायिका. तिच्यासाठी १९५०मध्ये जाऊ. त्या वर्षी अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्स आणि होर्हे आवापारा यांनी वेगवेगळं काम करताना मेंदूत एक छोटंसं रसायन पाहिलं: गॅबा. इतर कुठल्या अवयवात इतकं नाही, मेंदूतच एवढं का, हे कुणाला सांगता येईना. इकडे एर्न्स्ट फ्लोरी मेंदूच्या अर्कातल्या एका अज्ञात घटकाच्या मागे होते, जो झिंग्यासारख्या एका जिवाच्या मज्जापेशीला गप्प करत असे. १९५७ साली फ्लोरी आणि मॉन्ट्रियलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो घटक म्हणजे गॅबाच. आज आपल्याला माहीत आहे की मेंदूतला 'आवर' हा निरोप मुख्यतः गॅबाच्या तोंडून जातो. बाबांच्या भाषेत, हीच ती हवा.

मग गॅबाच गोळीत भरून का देत नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक चेकनाका आहे, आणि तो गॅबाला सहसा आत सोडत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावात सिबा कंपनीचे रसायनतज्ज्ञ हाइन्रिख केबर्ले यांनी यावर तोडगा काढायचं ठरवलं. गॅबाच्या साखळीला त्यांनी क्लोरीन लावलेलं एक कडं जोडलं. आतून गॅबा, वरून स्निग्ध पदार्थात मिसळणारा कोट. चेकनाक्यावरून पलीकडे. १९६२ साली तयार झालेलं हे रसायन म्हणजे बॅक्लोफेन.

ते बनवलं होतं अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी. फिट म्हणजे मेंदूत उठलेला अनावर गोंधळ, त्याला गॅबासारखं काहीतरी दिलं तर शांत होईल, असा सरळ तर्क. तर्क सुंदर होता. निकाल? नापास! फिट्सवर अपेक्षित परिणाम दिसलाच नाही.

इथे हे रसायन कपाटात गेलं असतं, तर आज मी हे लिहीत नसतो. पण काही रुग्णांमध्ये डॉक्टरांना दिसलं की फिट्स आहेत तशा आहेत, मात्र आखडलेले हातपाय सैल होतायत. जे मोजायला बसलेच नव्हते, तेही त्यांनी नोंदवलं. मला या सगळ्या गोष्टीतला हा क्षण सर्वांत आवडतो. टेस्ट केस फेल झाल्यावर आपण लॉग बंद करतो. त्यांनी लॉग शेवटपर्यंत वाचला. १९७०च्या दशकात लिओरेसाल या नावाने हे औषध युरोपात वापरात आलं आणि १९७७ साली अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. कशासाठी? मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मज्जारज्जूच्या आजारांतल्या ताठरपणासाठी. अपस्माराचा उल्लेख नाही.

आता गंमत बघा. औषध बाजारात आलं, हजारो लोक घेऊ लागले, आणि ते काम कसं करतं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं! गॅबासारखं बनवलंय म्हणजे गॅबाच्या कुलपात बसत असणार, असं सगळे धरून चालले होते. पण गॅबाचं तेव्हा माहीत असलेलं कुलूप बायकुक्युलिन नावाच्या रसायनाने बंद करता येतं, आणि ते बंद केलं तरी बॅक्लोफेनचं काम चालूच! मग हे शिरतंय कुठून?

लंडनमध्ये नॉर्मन बावरी यांनी हा धागा धरला. उंदराच्या हृदयाच्या तुकड्यांवर प्रयोग करताना त्यांना दिसलं की गॅबा तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांतून बाहेर पडणारं रसायन कमी करतो, आणि बायकुक्युलिन त्याला अडवू शकत नाही. बॅक्लोफेनही तेच करतं. १९८० साली त्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की गॅबाचं एक दुसरंच कुलूप आहे आणि बॅक्लोफेन ही त्याची किल्ली आहे. पुढच्या वर्षी त्यांनी आणि हिल यांनी कुलपांना नावं दिली: जुनं ते गॅबा-ए, नवं ते गॅबा-बी. म्हणजे केबर्लेंनी किल्ली बनवली १९६२ साली, आणि कुलूप सापडलं अठरा वर्षांनी. तेही किल्ली हातात होती म्हणून.

त्या कुलपाचा जीन सापडायला १९९७ उजाडलं. तो शोधला बर्नहार्ड बेटलर यांच्या गटाने नोव्हार्टिस कंपनीत, बाझेलमध्येच. सिबाचं गायगीशी १९७० साली लग्न झालं होतं आणि १९९६ साली सँडोझशी मिळून नोव्हार्टिस झाली होती. म्हणजे ज्या गावात किल्ली बनली, तिथेच त्याच घराण्याच्या वारसांनी पस्तीस वर्षांनी कुलूप उघडून पाहिलं. पण मिळालेला तुकडा एकटा पुरेसं कामच करेना. १९९८मध्ये उलगडा झाला की हे कुलूप दोन भागांचं आहे. एक भाग किल्ली ओळखतो, दुसरा आत निरोप पोचवतो, आणि दुसऱ्याशिवाय पहिला पेशीच्या पृष्ठभागापर्यंत येतच नाही. डिपेंडन्सी मिसिंग!

आता मूळ मुद्दा. ही गोळी मज्जारज्जूत नेमकं काय करते? स्नायूकडून खबर आणणारी तार जिथे संपते, तिथे गॅबा-बीची कुलपं असतात. बॅक्लोफेन ती उघडतं. त्यामुळे त्या टोकात शिरणारं कॅल्शियम कमी होतं आणि पुढे निरोप देणारं रसायन कमी सांडतं. खबर येते, पण हळू आवाजात. फर्स्टरनी जी तार कात्रीने कापली होती, तिचा व्हॉल्यूम ही गोळी कमी करते, आणि गोळी उतरली की तो पुन्हा वर येतो. स्नायूवर थेट काम करणारं औषध वेगळं, डँट्रोलिन, जे स्नायूच्या आतलं कॅल्शियम अडवतं. ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ देतात ती क्युरारेच्या वंशातली औषधं आणखी वेगळी. ती नस आणि स्नायू यांच्यामधला दरवाजाच बंद करतात. आपण या सगळ्यांना एकाच नावाच्या गोणीत भरतो आणि माझ्यासारखे लोक त्या नावावर विश्वास ठेवून शनिवारी घरी परततात.

आणि ही गोळी काय करत नाही, तेही सांगायला हवं. ती तुटलेली तार जोडत नाही. मेंदूकडून पायाकडे जाणारी ताकद परत आणत नाही. हे आम्हाला महागात कळलं होतं. गेल्या वर्षी वांब वाढले म्हणून डोस ८० मिलिग्रॅमपर्यंत गेला होता. वांब थांबले, बाबा रात्रभर झोपले, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी ते वॉकर धरून उभे राहिले आणि गुडघ्यातून खाली बसले. "पाय कापसाचे झालेत," म्हणाले. फिजिओथेरपिस्टनी समजावलं, "काका ज्या पायांवर उभे राहतात ना, त्या पायांत ताकद थोडी आणि ताठरपणा जास्त आहे. तो सगळा काढून घेतला तर उभे कशावर राहणार?" डॉक्टरांनी पुन्हा ६०वर आणलं. तेव्हापासून आमच्या घरात थोडा ताठरपणा हा शत्रू राहिलेला नाही. त्याच्याशी रोज तडजोड करायची असते, आणि ती तडजोड मिलिग्रॅममध्ये मोजली जाते.

ज्यांना गोळीने भागत नाही त्यांच्यासाठी शिकागोतल्या रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रॉइन यांनी वेगळा रस्ता काढला. गोळीतलं औषध सगळ्या शरीरभर फिरतं, मेंदूत जाऊन पेंग आणतं, आणि मज्जारज्जूच्या वाट्याला थोडंच येतं. मग थेट तिथेच दिलं तर? १९८४ साली त्यांनी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात बॅक्लोफेन सोडून ताठरपणा उतरवून दाखवला. १९८९ साली २० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९९२ साली एफडीएची मान्यता आली. पोटाच्या त्वचेखाली एक छोटा पंप, तिथून पाठीच्या कण्यात जाणारी बारीक नळी. गोळीचा हिशोब मिलिग्रॅममध्ये, तर पंपाचा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजाराव्या भागात! बाबांना पंपाची गरज नाही. पण त्या पंपाबद्दल वाचताना एक ठळक चौकट दिसली: औषध अचानक थांबलं तर तीव्र ताप, भ्रम, पराकोटीचा ताठरपणा, आणि जिवाला धोका. भ्रम. सतराचा पाना.

असं का होतं, तेही आता कळतं. रोज बाहेरून हवा मिळतेय म्हटल्यावर शरीर त्या हिशोबाने स्वतःला लावून घेतं. स्वतःची आवरण्याची यंत्रणा ढिली सोडतं. बॅक्लोफेनची रक्तातली मात्रा तीन-चार तासांत अर्धी होते. शुक्रवार रात्र ते रविवार पहाट म्हणजे हवेचा पाइप मी स्वतः काढून घेतल्यासारखं होतं. आणि हे फक्त पायांपुरतं नव्हतं, कारण गॅबा-बीची कुलपं मेंदूतही जागोजागी आहेत. फिट्स थांबवायला बनवलेलं आणि त्यात नापास झालेलं औषध एकदम काढून घेतलं तर फिट्स येऊ शकतात, हा त्यातला सगळ्यात कडवट विनोद.

तर मंडळी, मी डॉक्टर नाही आणि हा वैद्यकीय सल्ला नाही. फक्त एवढंच सांगतो: घरात कुणी ही गोळी घेत असेल तर ती कमी करणं, वाढवणं, थांबवणं डॉक्टरांना विचारूनच करा. आणि पट्टी संपायच्या आधी आठ दिवस नवी आणून ठेवा.

आमच्याकडे आता फ्रीजवर कॅलेंडर आहे. मोबाइलमध्ये रिमाइंडरही लावला होता, पण बाबांचा त्यावर विश्वास नाही. ते स्वतः पेन्सिलने गोळ्या मोजून आकडा लिहितात आणि आकडा तीसवर आला की मला हाक मारतात. काल तशीच हाक आली. मी लॅपटॉप बंद केला, चप्पल घातली आणि निघालो. मागून आवाज आला, "नसेल मिळत तर पुढच्या दुकानात जा रे."

गेलो. पहिल्याच दुकानात मिळाली.